मुख्याध्यापक घडतो कुठे?

मंडळी, मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरच्या गावात बोलायचं, तर किल्ल्याचा विषय काढावा असं वाटतं. पण आज आम्ही शाळा घेतली आहे. किल्ल्याला किल्लेदार लागतो, तसा शाळेला मुख्याध्यापक. तो तयार कोण करतो?

महाराष्ट्रात या प्रश्नाला आयुष्य दिलं ते जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक या दांपत्यानं. जे. पी. कोल्हापूर भागातले. १९४८ साली त्यांनी भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली, पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव झाले. चित्राताई शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक. गारगोटीच्या ग्रामीण कामापासून राज्याच्या शिक्षण संचालक पदापर्यंत त्यांची वाट गेली. राज्य शिक्षण संस्थेच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा.

कोठारी आयोगानं शाळा-संकुलाची कल्पना मांडली. माध्यमिक शाळेनं आजूबाजूच्या प्राथमिक शाळांना सोबत घ्यावं आणि शिक्षकांनी एकमेकांकडून शिकावं, अशी ती कल्पना. इथं मुख्याध्यापक हा साहेबाचा कारकून नसून शिक्षकांचा शिक्षक आहे. आम्हाला यातलं तत्त्वज्ञान फार महत्त्वाचं वाटतं. 'काय करावं' हे माहीत असणं वेगळं आणि 'कसं करावं' हे अंगी मुरणं वेगळं. पोहणं पुस्तकातून येत नाही, पाण्यात उतरावं लागतं. नेतृत्वाचंही तसंच.

आता टीकेचा भाग. खाजगी शाळांच्या १९८१ च्या नियमावलीनं मुख्याध्यापकपदासाठी सेवाज्येष्ठता धरली. तिच्यामागं न्याय आहे, नाहीतर संस्थाचालकांच्या मर्जीतला माणूस खुर्चीत बसला असता. पण ज्येष्ठता म्हणजे तयारी नव्हे. शालेय व्यवस्थापन पदविका आहे, प्रशिक्षणवर्ग आहेत, प्रमाणपत्रंही आहेत. आणि मुख्याध्यापक? सकाळी पोषण आहाराचा हिशेब, दुपारी यू-डायसची माहिती, संध्याकाळी मोबाईलवर 'तातडीने सादर करा'. एखाद्या वर्गात मागच्या बाकावर बसून तास ऐकायला त्याला वेळ कुठं? काऊन बाप्पा, हे नेतृत्व म्हणायचं का?

दोष फक्त अंमलबजावणीचा, असं म्हणून आम्ही नाईकांना सोडणार नाही. त्यांच्या मांडणीत आम्हाला एक उणीव दिसते. संकुलाला स्वातंत्र्य मिळावं असं आयोगाला वाटत होतं, पण ते द्यायचं वरच्यांनी. वरून येणारा अधिकार वरच अडकतो. केंद्रशाळा आल्या, केंद्रप्रमुख आले, पण शाळासमूहाचा तो आत्मा बहुतेक ठिकाणी कागदातच राहिला. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात संकुल पुन्हा आलं आहे. त्यामुळे ही चूक पुन्हा होऊ शकते.

तरी नाईक दांपत्याचा वारसा आम्हाला टाकून द्यायचा नाही. त्यांनी शिक्षणाचं काम खेड्यात जाऊन केलं, आणि त्या कामातून पुढचे प्रश्न विचारले. आपणही एवढं करू शकतो. बाळापूर तालुक्यातल्या चार शाळांच्या मुख्याध्यापकांनी महिन्यातून एक दिवस एकमेकांच्या वर्गात बसावं. त्याला शासन-निर्णय लागत नाही. तो दिवस फुकट गेला, तर पुढच्या व्याख्यानात आमचे कान धरा.