घरोटाजवळचा अर्थ

बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांवर आता नवे काय लिहायचे, असे कोणी विचारले तर मी निरुत्तर होईन. १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून महाराष्ट्राने त्यांच्यावर स्तुतीचा वर्षावच केला आहे. तरीही हा लेख लिहीत आहे, त्याला कारण अक्कलकुव्याच्या वर्गातली एक मुलगी.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले हे आमचे गाव. येथून जाणारा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता धरून पूर्वेकडे निघाले की तळोदे, शहादे, चोपडे, यावल अशी गावे लागतात. त्याच खानदेशात, तापीच्या पलीकडे, जळगावजवळच्या असोद्याला १८८० साली बहिणाबाई जन्मल्या. म्हणजे त्या तशा आमच्याच मुलखातल्या. पण त्यांची बोली माझ्या विद्यार्थ्यांची नव्हे. त्यांच्या घरांत कुठे भिली बोली, कुठे अहिराणी, कुठे गुजराती. मराठी ही त्यांना पुस्तकातून भेटणारी भाषा.

संसाराला चुलीवरच्या तव्याची उपमा देणारे गाणे मी शिकवीत होतो. शिरस्त्याप्रमाणे फळ्यावर तात्पर्य लिहिले : 'कष्टानंतर सुख मिळते.' मागच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, ''सर, माझ्या आईचा हात रोज भाजतो. ती कुठे गाणं म्हणते?''

वर्ग हसला. मी मात्र हसू शकलो नाही.

तिच्या प्रश्नात आपल्या साऱ्या बहिणाबाई-समीक्षेवरचा आक्षेप होता. साध्या, रोजच्या जगण्यात केवढा अर्थ भरला आहे, असे आपण म्हणतो. पण म्हणणारे बहुधा चुलीपासून दूर बसलेले असतात. कष्टकरी बाईचे गाणे आपण तिच्या कष्टांची भरपाई म्हणून तर दाखवीत नाही ना? तसे असेल, तर ही रसिकता फार स्वस्तातली म्हणावी लागेल.

घरी येऊन पुस्तक पुन्हा उघडले. जे दिसले ते माझ्या तात्पर्याशी जुळेना. त्या गाण्यात हाताला चटका आधी बसतो, भाकरी मागून मिळते. एवढा क्रम बाई सांगतात. चटका गोड असतो, असे त्या कोठेही म्हणत नाहीत. वैधव्य त्यांना ऐन तरुणपणी आले. त्या दुःखाच्या गाण्यांतही देवाने हे भल्यासाठीच केले, अशी समजूत त्या काढीत नाहीत. दारी आलेल्या ज्योतिषाला त्या परत पाठवतात. आपले दैव आपल्याला कळले आहे, ते दुसऱ्याने वाचून दाखवायला नको, हा त्यांचा ताठा आहे. समाधान आणि अर्थ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला येथे प्रथम उमगले.

मग हा अर्थ येतो कोठून? मनाला त्या उभ्या पिकात शिरणाऱ्या गुराची उपमा देतात. आपण त्याला तत्त्वज्ञान म्हणून मोकळे होतो. पण हाकलले तरी पुन्हा पुन्हा पिकात येणारे ढोर ज्या बाईने स्वतः हाकलले आहे, तिलाच मनाचे हे रूप दिसणार. काम संपवून, हात धुऊन, मग त्या विचाराला बसल्या नाहीत. विचार कामाच्या हातातच होता. घरोटावर, म्हणजे आपल्या जात्यावर, दळताना ओवीचा ठेका खुंट्याच्या फेऱ्याने धरला जातो. तेथे गाणे हा कामावरचा दागिना नसतो, कामाचा श्वासच असतो. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईला वाचक ठाऊक नव्हता. मुलगा सोपानदेव आणि घरची मंडळी यांनी टिपली तेवढी गाणी उरली. १९५१ साली बाई गेल्या. पुस्तक निघाले ते त्यानंतर.

म्हणूनच एक अप्रिय मत नोंदवतो. कशाला काय म्हणू नये, याची व्याख्यांमागून व्याख्या देणारे त्यांचे गाणे सर्वांत लोकप्रिय असेल; मला ते त्यांचे थोडे दुबळे गाणे वाटते. तेथे सुभाषित पुढे येते आणि हात मागे राहतो. घरोटाच्या गाण्यातली जात्याची ओळ मात्र निराळी : ज्यातून पीठ बाहेर येते त्याला 'जाते' हे नाव कसे, ही गंमत दळणारीलाच सुचावी!

आता गिरण्या झाल्या. आमच्याकडेही जाती बहुतेक अंगणाच्या कोपऱ्यात पडून आहेत, आणि मला त्याची हळहळ वाटत नाही. पहाटेचे ते ओझे उतरले, हे चांगलेच झाले. त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी सांगितले की, तिचे म्हणणे बरोबर आहे आणि माझे तात्पर्य चूक. मग विचारले, ''आई गाणं म्हणत नाही, तर भाकरी करताना काय बोलते?'' ती जराशी लाजली. म्हणाली, ''भाकरीशीच बोलते. फुगली नाही तर रागावते.'' आईचे शब्द तिने तिच्या बोलीत सांगितले. मला निम्मेच कळले. तात्पर्य पुसून मी ते फळ्यावर लिहिले, आणि लिहिताना झालेल्या चुका तिनेच सुधारल्या.