कोल्हटकरांची संगीत नाटके आणि त्यांच्या उभारणीचा प्रश्न

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांच्या संगीत नाटकांविषयीचे मत आता जवळजवळ ठरून गेले आहे : कथानके गुंतागुंतीची, संवाद कोटिबाज, पदे चालींच्या ओझ्याखाली वाकलेली. हे दोष खरे आहेत. तथापि ते सर्वस्वी लेखकाच्या प्रकृतीतच शोधण्याची प्रथा अपुरी होय. संगीत नाटक नुसते लिहून होत नाही. ते कोणाच्या तरी पैशावर आणि कोणाच्या तरी तालमीत उभे राहते.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास 'शाकुंतला'चा जो प्रयोग झाला तो पहिल्या चारच अंकांचा. 'सौभद्रा'चेही १८८२ मध्ये आरंभी तीन अंक झाले, आणि संपूर्ण नाटक पुढील वर्षी आले. 'रामराज्यवियोग' लेखकाच्या मृत्यूमुळे (१८८५) अपुरेच राहिले. नाटककार, नट आणि मंडळीचा चालक एकच असल्यामुळे अर्धे नाटक प्रेक्षकांपुढे पारखून घेता येत असे. उरलेले अंक त्या अनुभवानंतर रंगभूमीवर येत. देवल नाटककार तसेच तालीममास्तर. १८९९ च्या 'शारदे'तील पदे पात्रांच्या तोंडी इतकी सहज बसतात, यात त्या तालमीचा वाटा मोठा आहे.

कोल्हटकरांची स्थिती निराळी होती. 'वीरतनय' १८९६ मध्ये किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले. पुढच्याच वर्षी ते वकील झाले, आणि वऱ्हाडात अकोला, खामगाव व नंतर जळगाव (जामोद) येथे त्यांनी व्यवसाय केला. (शेवटची दोन्ही गावे १९०५ च्या फेररचनेत अकोल्यातून बुलढाणा जिल्ह्यात आली.) खामगावला कापसाच्या पेठेमुळे १८७० मध्येच आगगाडी पोचली होती, जळगावकडे जाणाऱ्यास मात्र नांदुऱ्यास उतरून पुढची वाट धरावी लागे. मंडळीचे बिऱ्हाड गावोगाव फिरणारे, लेखकाचे पक्षकार एका जागी.

या दुराव्याचा लाभही होता. नाटकाच्या उत्पन्नावर पोट नसल्याने १९०१ च्या 'मूकनायका'त मद्यपाननिषेध आणि पुढे 'मतिविकारा'त विधवाविवाह हे विषय त्यांना निर्धास्तपणे घेता आले. परंतु पडदे, पोशाख, साथीदार, प्रवास आणि साऱ्या मंडळीची रोजची पंगत हा खर्च चालक भागीदारांचा, आणि त्याची भरपाई तिकिटांतूनच व्हावयाची. लेखक स्वतंत्र होता. त्याचे नाटक स्वतंत्र नव्हते. पारशी रंगभूमीच्या लोकप्रिय चाली कोल्हटकरांना स्वतःला प्रिय होत्या हे खरे. पण त्याच चाली गल्ल्यालाही सोयीच्या होत्या. त्यामुळे चाल आधी आणि शब्द मागाहून, या क्रमाला आडकाठी करणारे कोणी उरले नाही. शब्द ओढाताणीने चालीत बसविले की गायक नट ते निभावून नेतो. अर्थ प्रेक्षकाच्या हाती लागतोच असे नाही. कथानकाचेही तसेच. एखादे रहस्य अंकभर लांबले तर तालमीत कंटाळलेला नट ते लेखकास ताबडतोब सांगतो. वकिलाच्या टेबलावर ते सांगणारा कोण? तेथे गुंतागुंत हा गुणच ठरतो.

या विवेचनास एक अडचण आहे, ती लपवून चालणार नाही. कोल्हटकरांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी किर्लोस्कर मंडळीत प्रत्यक्ष वावरलेले. तरी कोटीचा आणि शब्दवैभवाचा सोस त्यांनाही सुटला नाही. तेव्हा संवादांतील कोटी हा वृत्तीचाच भाग मानावा लागेल. पदांची कृत्रिमता आणि रचनेचा पसारा यांविषयी मात्र प्रश्न खुला राहतो. तो सोडविण्यास 'मूकनायक' आणि 'एकच प्याला' ही एकाच व्यसनावरची दोन नाटके समोरासमोर ठेवून वाचणे उपयुक्त ठरेल. दुसऱ्याचा प्रयोग १९१९ मध्ये, गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर, गंधर्व मंडळीने केला, आणि त्याची पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली.