अर्धवटरावांचा ‘ब’

दूरदर्शनवरच्या जुन्या बाहुल्यांचा विषय निघाला की आपण हळवे होतो. ‘काय ते निरागस दिवस!’ असे म्हणून मोकळे होतो. मला हे कौतुक अपुरे वाटते. अर्धवटराव निरागस कधीच नव्हते. ते आगाऊ होते, उलट बोलत, शिष्टांची फजिती करीत. म्हणून तर मुलांना ते आपले वाटले.

यशवंत पाध्ये यांच्या या मानसपुत्राने आता शंभरी ओलांडली आहे. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि रामदास पाध्ये यांनी त्याला रंगमंचावरून घराघरांत नेले. पुढे १९९३ च्या ‘झपाटलेला’साठी तात्या विंचूही त्यांनीच घडविला. तिथे बाहुल्याचा आगाऊपणा जाऊन सूड आला. प्रेक्षक दचकला, पण बाहुल्याशी त्याचा संवाद उरला नाही.

शब्दभ्रमाची खरी कसोटी प, फ, ब, भ, म या अक्षरांत असते. ओठ न मिटता ती उमटत नाहीत. कलावंत जिभेने त्यांचा नुसता भास करतो. मराठीतले ‘बाबा’ घ्या की कन्नडातले ‘बेडा’, अडचण एकच. पण अक्षर साधले म्हणजे विनोद साधला असे नव्हे. इंग्लंडमध्ये सूटी नावाचे बाहुले-अस्वल मालकाच्या कानात नुसते कुजबुजते. १९६९ चे क्लँगर्स तर शिट्ट्यांतच बोलतात. त्यांना भाषेवाचून चालले. अर्धवटरावांना चालत नाही. त्यांची सगळी ताकद हजरजबाबीपणात, म्हणजे मराठीच्या खोचक वळणांत आहे.

आमच्या कंग्राळीत मुले दोन्ही भाषांत सहज वावरतात, आणि शाळेत तिसरी इंग्रजी. याचा मला आनंदच आहे. परवा नातवाला अर्धवटरावांची जुनी चित्रफीत दाखविली. तो खूप हसला. मात्र हसला तो बाहुल्याच्या मान वळविण्याला. टोमणा त्याच्या डोक्यावरून गेला.

तेव्हापासून ही स्मरणरंजनाची हौस मला पुरेशी वाटेनाशी झाली आहे. चित्रफिती जपून बाहुला राहील, त्याचे बोलणे राहणार नाही. त्यासाठी घरातल्या पोरांना मराठीत उलट बोलू द्यावे लागेल, आणि आपल्याला ते हसून ऐकता यावे लागेल. अर्धवटरावांचे मोठेपण अर्धे रामदास पाध्ये यांच्या तयारीत होते. उरलेले अर्धे शेजारी बसून, चेहरा न हलविता, आपलीच फजिती ऐकून घेण्यात होते.