‘कोर्ट’ : कारण कशाला म्हणायचं?

मित्रहो, चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटासंबंधी आज आम्ही एकच प्रश्न घेऊन उभे आहोत. कारण कशाला म्हणायचं?

वासुदेव पवार हा सफाई कामगार गटारात मरतो. पोलीस म्हणतात, लोकशाहीर नारायण कांबळेंच्या गाण्यानं त्याला आत्महत्येला प्रवृत्त केलं. मग त्याच्या बायकोची साक्ष होते. तोंडाला मास्क नाही, अंगावर साधनं नाहीत. आधी खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजायचं आणि उतरायचं. वासामुळं दारू प्यायचा. हे सगळं ती संथपणे सांगते, रडत नाही.

आता बघा, तर्कशास्त्रात कारण आणि परिस्थिती असा भेद आपण करतो. न्यायालय गाण्याला ‘कारण’ ठरवू पाहतं आणि मास्क नसणं ‘परिस्थिती’त ढकलतं. हा भेद तर्काचा नाही, सोयीचा आहे. चित्रपटाचं मर्म आम्हाला इथं दिसतं.

पार्क क्वांग-सू यांचा ‘अ सिंगल स्पार्क’ (१९९५) हा कोरियन चित्रपट शेजारी ठेवा. चोन ते-इल या शिवणकामगारानं १९७० साली सोलमध्ये स्वतःला जाळून घेतलं. तिथं एक शिकलेला माणूस लपतछपत त्याचं चरित्र लिहितो. इथं कामगाराबद्दल गाणाराच आरोपी होतो.

आमची एक तक्रार आहे. वकील, सरकारी वकीलबाई, न्यायाधीश, सगळ्यांची घरं नाहीतर सुट्ट्या आपण पाहतो. वासुदेवचं घर मात्र दिसत नाही. बाईंना गाडीतून सोडलं जातं, तिथंच कॅमेरा थांबतो. हा दिग्दर्शकाचा संयम असेलही, पण मेलेला माणूस याही पटात कागदावरच राहिला, बरं का.

शेवटी न्यायाधीश सुट्टीत रिसॉर्टवर जातात. बाकावर डुलकी लागलेली असते, पोरं ओरडून उठवतात. ते एकाला थप्पड मारतात आणि पुन्हा झोपतात.

असली रिसॉर्टं आपल्या कर्जत-खालापुरात उदंड. शनिवारी गाड्यांची रांग लागते. त्यांच्या संडासाच्या टाक्यांत कोण उतरतं, काय घालून उतरतं, हे आपण कधी विचारलंय? आम्हीही नाही. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली झाले. तेव्हा थप्पड खाणारं ते पोर सोडा, मित्रहो. बाकावर झोपलेला माणूस कोण, ते घरी जाताना तपासू.