चुकीच्या खात्यावरची नोंद

मी बी. कॉम. आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे साहित्याबद्दल चार शब्द बोललो, तर मराठीच्या प्राध्यापकांनी रागावू नये. ते पासबुक उलटं धरतात तेव्हा मी कुठे हसतो?

पाटणला आमच्या घरात दोन पक्ष होते. आई ना. सी. फडक्यांची, वडील वि. स. खांडेकरांचे. फडके म्हणायचे कलेसाठी कला, खांडेकर म्हणायचे जीवनासाठी कला. या वादावर मराठीत बरीच वर्षं शाई सांडली, आमच्याकडे आमटी. वडिलांचा मुख्य मुद्दा साधा होता : खांडेकर जन्मले सांगलीत, म्हणजे जवळजवळ घरचेच!

'कलेसाठी कला' हा माल मूळचा फ्रान्सचा, इंग्लंडमार्गे आलेला. तिकडे ऑस्कर वाइल्डनं त्यापायी भलतीच किंमत मोजली. १८९५ साली त्याच्या खासगी आयुष्यावर खटला चालला, तेव्हा 'डोरियन ग्रे'ची कादंबरीही कोर्टात वाचली गेली, आणि त्याला दोन वर्षं सक्तमजुरी झाली. आपल्या फडक्यांना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. कारण उघड आहे. आपण सौंदर्य तेवढं उतरवून घेतलं आणि अधःपात बंदरावरच सोडला. फडक्यांची माणसं प्रेमात पडतात तीसुद्धा कपड्यांची इस्त्री न मोडता.

मग मराठीतला अधःपात कुठे जमा झाला? हिशेब तपासताना मला तो भलत्याच खात्यावर सापडला. खांडेकरांच्या! १९५९ सालची 'ययाति' घ्या. भोगानं पोट न भरलेला राजा, म्हातारपणाचा शाप, आणि बापाचं म्हातारपण अंगावर घेणारा पुरू. शिवाय भाषा अशी, की उपमेशिवाय साधी संध्याकाळ होत नाही. जीवनवाद्यानं दागिने घालावेत आणि कलावाद्यानं 'प्रतिभासाधन' लिहून तंत्राचे धडे द्यावेत, याला आमच्याकडे चुकीची खतावणी म्हणतात.

वाइल्डचीही तीच गत. प्रस्तावनेत सांगतो की पुस्तकाला नीती-अनीती नसते. पण गोष्ट अशी रचतो की कीर्तनकारानं उत्तररंगात घ्यावी. डोरियन तरुण राहतो, त्याची पापं आणि त्याचं वय चित्रावर चढतं, आणि शेवटी चित्रावर सुरी चालवायला जातो तो स्वतःच मरतो. डोरियन आणि ययाति एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात : माझ्या तारुण्याचं बिल कोण भरतंय? हा प्रश्न विचारताना पुस्तक कुठल्या झेंड्याखाली उभं आहे, याला फारसा अर्थ उरत नाही.

हे सगळं मला सुचलं ते काउंटरवर. नोव्हेंबर महिना, हयातीच्या दाखल्यांची रांग. आमच्या बँकेत डोरियन उलटा असतो : फोटो तरुण राहतो, खातेदार म्हातारा होतो. रांगेत वडील उभे. त्यांचा १९९९ सालचा फोटो समोर आला. केस काळेभोर. ते माझ्या बी. कॉम.च्या फीचं वर्ष. स्वतः ते कॉलेजला गेलेच नाहीत. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात घर पडलं, आणि सतराव्या वर्षी त्यांनी नोकरी धरली.

पुराणात पोरानं बापाला तारुण्य दिलं. आमच्या घरी व्यवहार उलटा झाला, आणि पावती कुणी मागितली नाही.

"अण्णा, फोटो जुना झालाय. नवा द्यावा लागेल," मी म्हटलं.

"कशाला? तू ओळखतोस ना?" ते म्हणाले. मागच्या रांगेत हशा पिकला.

संध्याकाळी घरी गेलो, तर अण्णा खिडकीशी चष्मा सावरत वाचत बसले होते. हातात आईचे फडके. मला बघताच त्यांनी पुस्तकावर वर्तमानपत्र ओढलं. मीही काही पाहिलं नाही.