पुष्पालंकार आणि कोपऱ्याचा प्रश्न

पुष्पालंकाराचे मूल्यमापन बहुधा फुलाच्या रेखीवपणावरून केले जाते. वास्तविक त्याची परीक्षा वेल कोपऱ्यावर पोहोचते तेथे होते. सरळ पट्टीवर कोणतीही वेल शोभून दिसते.

कल्याणजवळील अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवालयाची (शके ९८२, इ. स. १०६०) भिंत सरळ अशी फार थोडी जाते. ती कोनाकोनाने पुढे येते, मागे सरते, आणि तिच्यावरील नक्षीच्या पट्ट्यांना प्रत्येक वळणावर तिच्याबरोबर वळावे लागते. हा अलंकार भिंतीवर मागाहून चढविलेला वाटत नाही, तो तिच्या घडणीतूनच उमललेला आहे. १८६८ साली मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेकडून या मंदिराची रेखाटने व प्लॅस्टरचे ठसे करविण्यात आले. पुढे १८७४ च्या ‘इंडियन अँटिक्वेरी’त त्याचे सचित्र वर्णन आले. हे कार्य मोलाचे खरेच. तथापि ठशात काय किंवा चित्रपत्रात काय, येतो तो नक्षीचा कापून घेतलेला तुकडा. तिचे वळण भिंतीपाशीच राहते.

मुद्रणातील फुलाचा तर जन्मच तुकडा म्हणून झाला. सोळाव्या शतकात रोबेर ग्रांजाँ या फ्रेंच कारागिराने वेलबुट्टीचे असे खिळे घडविले की ते उलटसुलट जुळवून अखंड नक्षी साधावी. खिळ्यांच्या जुळणीत चौकटीची लांबी फुलाच्या पटीत धरावी लागे, आणि कोपऱ्यासाठी निराळा खिळा लागे. जुळाऱ्याचे माप चुकले की सांधा उघडा पडे. (हस्तलिखित पोथीच्या समाप्तीच्या मजकुरास ‘पुष्पिका’ म्हणतात, हे येथे आठवावे. तेथेही फूल म्हणजे थांबण्याची जागा.)

ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील आजच्या लग्नपत्रिकांची चौकट संगणकावर बेतली जाते. एकाच कोपऱ्याची प्रतिबिंबे चारही कोपऱ्यांत बसतात, त्यामुळे कोपरे निर्दोष दिसतात. ही सोय मात्र फसवी आहे. बाजूची लांबी फुलाच्या पटीत नसली तर दोष कोपऱ्यातून निघून बाजूच्या मध्यावर येतो. तेथे वेल ताणली जाते, नाहीतर पाकळी अर्ध्यावर तुटते. वरच्या बाजूस हा सांधा गणपतीच्या चित्राखाली झाकला जातो. खालच्या बाजूस, ‘आपले नम्र’च्या ओळीखाली, तो तसाच उघडा राहतो.