तुळापूरची तुळा आणि हत्तीची कथा

पुण्याच्या ईशान्येस सुमारें ३० किलोमीटरांवर, भीमा-इंद्रायणींच्या संगमीं, तुळापूर हें एक शांत गांव आहे. त्याचें पूर्वींचें नांव नागरगांव. ता. ११ मार्च १६८९ रोजीं येथें संभाजी महाराजांचा वध झाला, हें सर्वश्रुतच आहे. प्रस्तुत विचार त्याहून जुन्या, ज्यावरून गांवास हें नांव पडलें त्या प्रसंगाचा आहे.

शके १५५५ भाद्रपद वद्य ३० (जुन्या पद्धतीनें ता. २३ सप्टेंबर १६३३) रोजीं सूर्यग्रहणाच्या पर्वणीवर आदिलशाही कारभारी मुरार जगदेव यानें या संगमावर तुळादान केलें. कथा सांगते कीं, हत्तीच्या भारंभार द्रव्य द्यावयाचें होतें, पण हत्ती तोलावा कसा हें कोणास सुचेना. तेव्हां शहाजीराजांनीं तो नावेंत चढवून पाण्याच्या पातळीची खूण करविली, आणि मग त्याच खुणेपर्यंत नाव बुडेल इतके धोंडे भरून ते तोलविले.

युक्ति निर्दोष आहे. शंका आहे ती तिच्या मालकीविषयीं. चीनच्या जुन्या इतिहासग्रंथांत हीच गोष्ट इ. स. २०८ मध्यें वारलेल्या त्साव चुंग नामक राजपुत्राच्या नांवावर आहे. इ. स. ४७२ मध्यें चिनी भाषेंत उतरलेल्या संयुक्तरत्नपिटक या बौद्ध कथासंग्रहांतही ती येते. तेथें हें चातुर्य एका वृद्ध पित्याचें. तात्पर्य, शहाजींच्या जन्मापूर्वीं हजारांवर वर्षें ही कथा धनी शोधीत हिंडत होती!

दुसरें असें कीं, मत्स्यपुराणांतील सोळा महादानांत अग्रस्थानीं असलेल्या तुलापुरुषदानांत दाता स्वतः पारड्यांत बसतो. त्या विधीस हत्तीचें प्रयोजनच नाहीं. सबब तुळा झाली असें मानण्यास हरकत नाहीं. हत्ती मात्र मागाहून नावेंत चढला असावा. याच सुमारास पेमगिरीस निजामशाही वंशांतील बालकास गादीवर बसवून १६३६ पर्यंत मोंगलांशीं झुंजणाऱ्या पुरुषाच्या बुद्धीस असल्या उसन्या दाखल्याची गरज ती काय?

खरें काम पुढेंच आहे. ज्यांच्या संग्रहीं या बाजूचीं वतनपत्रें व देवस्थानचे कागद असतील, त्यांनीं शके १५५५ च्या आगेंमागेंचीं अस्सल पत्रें ताडून ग्रामनाम केव्हां पालटलें तें पाहावें. त्या सालापूर्वींच्या एकाही अस्सल पत्रांत 'तुळापूर' आढळलें, तर हत्तीच काय, नांवाची ही व्युत्पत्तिही टिकणार नाहीं.